दुसरा बाण

काकांच्या घरी चहा प्यायचा तर शेवटचा घोट होईपर्यंत कप दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवावा लागे. कप रिकामा झाला असं त्यांना नुसतं वाटलं तरी ते तो काढून घेत, पालथा करत आणि बुडाखालचा शिक्का वाचत. कप त्यांच्याच घरचा, सकाळी त्यांनीच विसळलेला. तरी रोज वाचत, आणि "कालचाच आहे," असं समाधानानं सांगून खाली ठेवत.

घरात हे चालून जायचं. पण मांडवीला एका लग्नात त्यांनी नवरीच्या बापाच्या हातातला कप असाच काढून घेतला आणि तो नेमका भरलेला होता. चहा सगळा नव्या कोटावर. काका त्याच कोटवाल्याला म्हणाले, "कप जपानी आहे हो. बशी मात्र त्याची नाय." ही गोष्ट मला काकूंनी निदान आठ वेळा सांगितली असेल. दर खेपेला कोट जरा जास्त भारी होत जायचा.

मी मूळची कराडची. विम्याच्या कचेरीत नोकरी, रत्नागिरीला बदली झाली, तेव्हा परटवण्याच्या उतारावर काकांच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि पुढं सहा वर्षं तिथंच राहिले. सामान उतरवलं त्या दिवशी काकांनी माझी काहीच चौकशी केली नाही. माझा कुकर तेवढा उचलला. झाकणावरचा आकडा वाचला, भांड्याच्या कडेचा वाचला आणि म्हणाले, "हे झाकण ह्या कुकरचं नाय."

"आईनं दिलाय. घरचाच आहे," मी म्हटलं.

"कुकर घरचा असेल. झाकण शेजारचं आहे."

मला रागच आला. नव्या भाडेकरणीशी कुणी असं बोलतं? त्यांना खोटं पाडायचं म्हणून तिथल्या तिथं आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींचा कुकर आणला होता बघ आपण. तेव्हापासनंच आपली शिट्टी नीट होत नाही." काकांनी खालून विचारलं, "काय म्हणते आई?" मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि गादी उचलून वर गेले.

काका लष्करात आर्मरर होते. सैन्याच्या बंदुका-पिस्तुलं तपासायची, दुरुस्त करायची, आणि कुठलं हत्यार कधीचं, कुणाच्या ताब्यातलं, त्यात पुढं कुणी काय बदललं, हे त्यावर ठोकलेल्या खुणांवरून ओळखायचं, हे त्यांचं काम. पंचवीस वर्षं तेच केलं. निवृत्त होऊन आले तेव्हा आळीत कुणीतरी विचारलं, काय होता तुम्ही? काका म्हणाले, "आर्मरर." रत्नागिरीच्या कानाला हा शब्द एकाच तऱ्हेनं ऐकू येणार. दुसऱ्या दिवसापासून ते 'आरमारवाले काका' झाले.

"मी आरमारात नव्हतो!" ते सगळ्यांना ओरडून सांगत. "माझा समुद्राशी संबंध नाय. मला पोहता पण येत नाय!" त्यांचं मूळ गाव नाटे. भर किनाऱ्यावरच्या नाट्याच्या माणसाला पोहता येत नाही, ह्यावर कोण विश्वास ठेवणार? लोकांना वाटे, आरमारातलं काहीतरी गुपित आहे आणि म्हणून काका ताकास तूर लागू देत नाहीत. पोस्टमन तर त्यांना कडक सलाम ठोकून विचारायचा, "काय कॅप्टन, बोट कधी लागणार?"

खालच्या पडवीत त्यांचं टेबल होतं. त्यावर शिलाई मशीनं, तराजू, कुलपं दुरुस्तीला यायची. बंदूक मात्र ते दुरुस्त करत नसत. डुकरं-माकडं हाकायला ठेवलेली ठासणीची बंदूक घेऊन एखादा बागायतदार आलाच तर म्हणत, "परवाना नाय माझ्याकडे. बघून सांगेन, हात नाय लावणार." मग बघत बसत तासभर. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. ते नख लोखंडावरून हळूहळू फिरवायचे आणि डोळे मिटायचे. "डोळ्यांना जे बघायचं असतं तेच दिसतं," ते म्हणत. "नखाला काय बघायचं नसतं." त्या नखावरून काकू कायम करवादायच्या. त्या म्हणत, "लग्नात ह्यांनी आधी माझ्या मंगळसूत्राच्या वाट्यांवरचा सोनाराचा शिक्का बघितलान, मग माझं तोंड बघितलान."

पुसायचं आधी, वाचायचं मग, हा त्यांचा नियम. तेल, कापूस, दात कोरायची काडी, आणि धुण्याच्या साबणाची वडी. खूण पुसून स्वच्छ केली की साबणाची वडी तिच्यावर दाबायची, ठसा उमटवून घ्यायचा आणि वडीच्या पाठीवर तारीख घालून कपाटात ठेवायची. असल्या वड्यांचं एक अख्खं कपाट भरलेलं होतं. एकदा घरातला साबण संपला म्हणून काकूंनी त्यातली एक वडी काढून चादरी धुतल्या. काका दोन दिवस काकूंशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तो एका डच तराजूच्या काट्याचा ठसा होता." काकू म्हणाल्या, "चादरी स्वच्छ निघाल्या हो मात्र."

हा माणूस खोटं बोलू शकत नसे, आणि ह्याचा त्रास सगळ्यात जास्त त्यालाच व्हायचा. नाट्याच्या त्यांच्या देवळात एक मोठी घंटा आहे. एका पूर्वजानं ती काशीहून आणली अशी गावाची श्रद्धा. काकांनी एका जत्रेत त्या घंटेला तांदळाचं पीठ फासलं, अक्षरं उठून आली, आणि भर सभामंडपात काकांनी जाहीर केलं की ही घंटा जहाजावरची आहे, हे बघा जहाजाचं नाव. गावकऱ्यांनी पीठ पुसलं आणि काकांना प्रसाद देऊन लवकरच्या गाडीत बसवून दिलं. पुढं कधी जत्रेचं बोलावणं आलं नाही. मी एकदा विचारलं, "काका, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?" ते खरोखर विचारात पडले. "तसं कायच नाय बिघडलं असतं," म्हणाले. "पण मी वाचलं होतं ना."

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मला ते आठवतात ते ह्या कप-कुकरांसाठी नाही. ते आठवतात त्या पिस्तुलासाठी.

दिवाळी आटोपल्यावरचा एक रविवार होता. मी पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. संगमेश्वराच्या आतल्या अंगाच्या एका गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक आले, सत्तरीच्या घरातले, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा सदरा. "जय भीम," म्हणाले. "तुम्हीच काय आरमारवाले?" काकांनी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं, कारण गुरुजींनी पिशवीतून मलमलचं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं होतं आणि ते ज्या रीतीनं ठेवलं होतं ती रीत काकांनी ओळखली. आत वीतभराहून मोठं, जड, जुनं पिस्तूल होतं.

"आमच्या खापरपणजोबांचं," गुरुजी म्हणाले. "इंग्रजांच्या पलटणीत नाईक होते. गावात आमच्या घराला अजून पलटणवाले म्हणतात. बार उडत नाय, पोलीस पाटलांना दाखवून झालंय. गावात आम्ही वाचनालय काढलंय, मुंबईच्या आमच्या मंडळानं काचेचं कपाट दिलंय. त्यात हे ठेवायचं आणि खाली त्यांचं नाव लिहायचं ठरलंय. पण आधी जाणकाराचं लेखी पायजे, असं मंडळ म्हणतं. काय आहे, कधीचं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि कुठनं आलं."

"कुठनं आलं म्हणजे?"

"वरच्या वाडीतले लोक पिढ्यान् पिढ्या एकच म्हणत आलेत. पलटणीतनं चोरून आणलं. माझ्या वडलांना शाळेत म्हणायचे, मला म्हणायचे. मी मास्तर झाल्यावर पण पाठीमागनं म्हणायचे. चार पिढ्यांनी ऐकून घेतलं, पाचवा मी. आता काय असेल ते एकदा कळू दे."

"असेल ते लिहीन," काका म्हणाले. "गोड-कडू माझ्या हातात नाय."

"मला तसंच पायजे."

काकांनी कापूस तेलात बुडवला. नळीच्या मागच्या बाजूला, दस्त्याच्या जवळ, लोखंडावर एक काळपट-तांबडा जाड डाग होता. कापूस तिथं गेला तसा गुरुजींचा हात पुढं आला. "तेवढं नको. ते आमच्या आजीचं बोट आहे."

आजी दरवर्षी दसऱ्याला ह्या पिस्तुलाला तेलात कालवलेलं कुंकू लावायची, त्याच जागी. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली आणि पूजा थांबली. देव गेले, देव्हारा गेला. पण आजीनं शेवटच्या दसऱ्याला लावलेलं ते बोट कुणी पुसलं नाही. आजीचा फोटो नाही, सही नाही, तिला लिहिता येत नव्हतं. "ती होती ह्याची तेवढीच निशाणी," गुरुजी म्हणाले.

काकांनी कापूस मागं घेतला. डागावरून नुसतं नख फिरवलं, अगदी हलकं, आणि म्हणाले, "इथं खाली काय नाय." बाकी सगळं पिस्तूल पुसून, टॉर्च तिरपा धरून त्यांनी वाचायला घेतलं. मला म्हणाले, "लिहा." मी लिहीत गेले.

बाजूच्या पट्टीवर मुकुट, खाली इंग्रजी जी आणि आर, म्हणजे जॉर्ज राजाच्या वेळचं, व्हिक्टोरिया राणीच्या आधीचं. पुढं 'टॉवर' हा शब्द, म्हणजे लंडनचा सरकारी हत्यारखाना. घोडेस्वारांचं पिस्तूल. बनलं तेव्हा गारगोटीच्या ठिणगीवर उडायचं. पुढं टोपीवर, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं पेटणाऱ्या बारीक तांब्याच्या टोपीवर, उडणारी पिस्तुलं आली तेव्हा कुणीतरी ह्याचं टोपीचं करून घेतलं. ठिणगी पडायची तो जुना कान काढला त्याची भोकं पितळेच्या खुंट्यांनी बुजवलीत, ती काकांनी माझ्या बोटाला लावून दाखवली. घोडा नवा बसवलाय. जुन्या प्रत्येक भागावर तपासनिसाचा बारीक मुकुट आहे, नव्या एकाही भागावर नाही. "म्हणजे हा बदल सरकारी कारखान्यात झालेला नाय," काका म्हणाले. "बाहेर झाला. आपल्याकडच्याच लोहारानं केलाय, आणि झकास केलाय."

मग ते नळीवर येऊन थांबले. आजीच्या बोटाच्या अगदी शेजारी तीन रेघा होत्या, एका टोकाला मिळणाऱ्या, कावळ्याच्या पायासारख्या. तिथं त्यांनी साबणाची वडी दाबली, काढली, बघितली. पिस्तूल सगळीकडून पुन्हा फिरवलं. दस्त्याचं लाकूड बघितलं. पुन्हा नळी बघितली. हे सगळं बराच वेळ चाललं. गुरुजी खुर्चीच्या कडेला बसून होते.

"हा बाण," शेवटी काका म्हणाले. "बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. हत्यार जुनं झालं, सरकारनं लिलावात विकून टाकलं, की ह्या बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण ठोकायचे. दोन बाण समोरासमोर म्हणजे रीतसर विकलेलं. इथं एकच आहे. एक बाण, आणि बदल बाहेरचा. गुरुजी, सरकारनं हे विकलेलं दिसत नाय. कागदाशिवाय बाहेर आलंय."

आतून कपबशी ठेवल्याचा जोरात आवाज आला. काकू दारातच उभ्या होत्या. चहा आला तो गुरुजींनी शेवटपर्यंत प्यायला. मग म्हणाले, "असंच लिहून द्या." काकांनी आपल्या हातानं लिहून सही केली. गुरुजींनी कागदाची घडी घातली, पिस्तूल मलमलीत बांधलं, "जय भीम," म्हणाले आणि उतारानं खाली गेले. काकांनी त्यांचा कप उचलून पालथा केला नाही.

मी मात्र भडकले. "काका, हे एवढं तोंडावर सांगायलाच हवं होतं का? 'काही नक्की कळत नाही' असं लिहिलं असतं तर?"

"कळत नव्हतं कुठे? कळत होतं."

"म्हातारा माणूस किती आशेनं आला होता."

"म्हणून त्याला खोटा कागद देऊ?" काका म्हणाले. "तुमच्या घाटावर देतात काय?" पुढचे तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही आणि पडवीतून न जाता मागच्या जिन्यानं ये-जा केली. काकू मला गुपचूप वर डबा आणून देत.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघाले होते, तेव्हा काकांनी खालून हाक मारली. असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. टेबलावर एकच साबणाची वडी होती. "तुमचे डोळे तरुण आहेत," ते म्हणाले. "बघा. बाणाच्या टोकापुढं काय दिसतं?"

मी मोबाइलचा टॉर्च लावला. बाणाच्या टोकासमोर, जवळजवळ त्याला लागून, मोहरीपेक्षा बारीक एक उंचवटा होता. "गंजाचा खड्डा असेल लोखंडावर."

"मी पण तेच समजलो. गंजाचा खड्डा गोल असतो. हा बघा, टोकदार आहे. आणि पुढं वडी तांबडी झालीय, तिथनं आजीचं बोट चालू होतं." त्यांनी स्वतःचा अंगठा उजेडात धरून ते लांब नख बघितलं. "कुंकवाचे वीस-पंचवीस वर्षांचे थर असतील तिथं. नखानं कुंकू वाचलं हो. लोखंड वाचलंच नाय. मी पुसलं नाय. आयुष्यात पहिल्यांदा पुसलं नाय आणि वाचलं."

"गुरुजींनीच नको म्हटलं होतं ना?"

"मग 'इथं खाली काय नाय' असं मी कशाला म्हणालो?" काका म्हणाले. "झाकलंय, कळत नाय, एवढंच म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणत होतात तसं." ते त्या दिवशी जेवले नाहीत. काकूंनी सांगितलं की देवापुढंही बसले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं संगमेश्वरला आणि तिथून रिक्षानं गावात गेलो. गाडीत काका एकदाच बोलले. "खाली दुसरा बाण नसला तर?" बाण नसला तर चोरीचा आळ कायम राहणार होता आणि वर आजीचं बोटही जाणार होतं. तरी बाण असेलच, असं मला उगीच वाटत होतं. मी तसं म्हटलं. काका म्हणाले, "वाटून काय उपयोग?"

गुरुजींच्या घराच्या ओटीवर आठ-दहा माणसं होती. वाचनालयाची बैठक नुकतीच संपली होती. काकांना बघून सगळे एकदम गप्प झाले. मग कळलं की त्यांचा कागद गुरुजींनी आधीच्याच बैठकीत मुंबईकरांसमोर स्वतः उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला होता, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. कुणी मागितलाही नव्हता. पिस्तूल कपाटात ठेवायचं नाही असं ठरलं होतं आणि गुरुजींनीच त्याला पहिला हात वर केला होता. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

"बसा," गुरुजी म्हणाले. "पाणी घ्या."

काका बसले नाहीत. "गुरुजी, मी कदाचित चूक वाचलंय. कदाचित नाय पण. तुमच्या आजीच्या बोटाखाली मी बघितलं नाय. दुसरा बाण असलाच तर तिथं आहे. पण बघायचं तर ते पुसावं लागेल, आणि एकदा पुसलं की गेलं. खाली काय असेल ह्याचा भरोसा मी देत नाय. तुम्ही नको म्हणालात तर मी कागदावर तेवढंच लिहीन की ती जागा मी वाचलेली नाय."

गुरुजींनी आतून गाठोडं आणलं, सोडलं आणि त्या डागाकडे बघत राहिले. एक पुतण्या गुरुजींना म्हणाला, "काका, राहू दे. दोन्ही घालवून बसू." दुसरा म्हणाला, पुसाच. ओटीवर वाद सुरू झाला.

तेवढ्यात माजघरातून गुरुजींची थोरली बहीण बाहेर आली. सगळे तिला आक्का म्हणत. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, आजीला डोळ्यांनी बघितलेली आता ती एकटीच उरलेली. "कसला वाद घालताव रे?" तिनं विचारलं. पुतण्यानं तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भावाकडे वळली.

"आज्येन कुंकू लावलान ता कुनासाठी? तिच्या घोवाच्या आज्यासाठी ना? त्याचा नाव ह्या गावात चोर म्हणून निघतंय, आनी तू तिचा बोट जपून ठेवतंस? ती आसती तर तिनाच पुसलान आसतान. आन हिकडं."

तिनं पिस्तूल मांडीवर घेतलं. काकांनी पुढं केलेला कापूस तिनं घेतला नाही. तेलाच्या बाटलीत पदराचं टोक बुडवलं आणि घासायला लागली. पदर तांबडा होत गेला. घासता घासता ती पुटपुटत होती, "माफ कर गो आज्ये, माफ कर." काका तिच्या पायाशी जमिनीवर बसले होते आणि डोळे मिटून घेतले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही वाचा."

मी टॉर्च धरला. आधी फक्त एक टोक दिसलं. मग एक रेघ, मधली. मग डावी, आणि शेवटी उजवी, जरा पुसट. टोकाला टोक. "दोन आहेत," मी म्हटलं. "काका, दोन आहेत."

त्यांनी तरी डोळे उघडले नाहीत. अंगठा पुढं केला, नख नाही, अंगठ्याचं मांस, आणि त्या जागी हळूच फिरवलं. मग उठून उभे राहिले आणि गुरुजींसमोर हात जोडले. "सरकारनं विकलेलं आहे. तुमच्या खापरपणजोबांनी उघड लिलावात घेतलंय नायतर घेणाऱ्याकडून घेतलंय, आणि मग लोहाराकडून टोपीचं करून घेतलंय. म्हणून नव्या भागांवर मुकुट नायत. सगळं जुळतं. चोरी माझ्या डोक्यात होती."

आक्का पिस्तूल मांडीवर घेऊन रडत होती. गुरुजींनी काकांचे जोडलेले हात धरले आणि ते खाली घ्यायला लावले. काका म्हणाले, "पहिला कागद तुम्ही उभं राहून वाचलात. हा मी वाचतो. माणसं बोलवा. वरच्या वाडीतली पण बोलवा."

माणसं आली. वरच्या वाडीतले चौघं-पाचजण आले आणि अंगणाच्या कडेला उभे राहिले. काकांनी माझं पेन घेतलं आणि ओटीवर बसून कागद लिहिला. लिहायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी उभं राहून वाचला. मुकुट, टॉवर, टोपी, दोन बाण, सगळं क्रमानं आलं, आणि शेवटी, "आधीच्या कागदात मी चुकलो. त्याचा दोष ह्या घराकडे नाही, माझ्याकडे आहे." अंगणाच्या कडेचा एक म्हातारा खाली बघत म्हणाला, "आमचे आजे पन तसांच सांगायचे हो. आमी तपासलां नाय कधी." एवढंच म्हणाला, पण सगळ्यांसमोर म्हणाला.

कागद गुरुजींनी हातात घेतला. चष्मा लावून एकदा मनातल्या मनात वाचला. शेवटच्या ओळीपाशी थांबले. खिशातून लाल पेन काढलं, एका अक्षराभोवती गोल केला आणि कडेला काहीतरी लिहिलं. काका घाबरेघुबरे झाले. "काय झालं? परत चुकलं काय?"

"'चुकलो'मधला चु," गुरुजी म्हणाले. ओठांवर हसू होतं आणि गालावरून पाणी वाहत होतं. "तुम्ही दीर्घ लिहिलायत. चूक लिहिताना दीर्घ. चुकलो लिहिताना ऱ्हस्व."

ओटीवर जो हशा उठला त्यात आक्काही होती. मी म्हटलं, काका, दुसरा स्वच्छ कागद लिहून देऊ या. गुरुजींनी तो कागद छातीशी धरला आणि द्यायला साफ नकार दिला. कपाटात हाच ठेवणार, असाच.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा काकांना दिली. हातखंबा मागं पडला. तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ऱ्हस्व असतो होय तो? मला ठाऊकच नव्हतं. कधी लिहायची वेळच आली नाय ना."